नीसचे हिंवाळी पाहुणे

आपल्याकडे घरांतलें माणूस फार दिवस अंथरुणाला खिळून राहिलें, काढे, चाटणें आणि औषधाच्या बाटल्या यांचा उपाय चालेनासा झाला, कीं डॉक्टर अखेरीस एकच शब्द उच्चारीत: हवापालट. मग कोणी पांचगणीची वाट धरी, कोणी देवळालीची, कोणी मिरजेची. ज्यांची ऐपत नसे ते कोंकणांत आजोळीं जात. हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं त्याच्यामागें एक विलायती इतिहासहि आहे याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या भोंवतालची हवा बदलावी, आणि हवा कांहीं बदलतां येत नाहीं म्हणून त्यानेंच बिऱ्हाड हलवावें, हा आचार इंग्रजांनीं अठराव्या शतकापासून एखाद्या धर्मविधीसारखा पाळला.

हिंदुस्थानांत त्यांना थंडावा हवा होता, म्हणून त्यांनीं डोंगर शोधले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून महाबळेश्वरची जागा मिळविली, आणि तेथल्या वस्तीला माल्कमपेठ हें नांव पडलें. स्वदेशीं त्यांना ऊब हवी होती. म्हणून त्याच दशकांत त्यांचेच भाऊबंद भूमध्य समुद्राच्या कांठीं, नीस नांवाच्या गांवीं, एक रस्ता बांधीत होते. त्या रस्त्यालाहि त्यांचेंच नांव पडलें व तें अजून चालू आहे. पण महाबळेश्वरीं इंग्रज हा राज्यकर्ता होता, आणि नीस येथें तो केवळ पाहुणा होता. हाताशीं सत्ता नाहीं, गांव दुसऱ्याचें, राजा दुसऱ्याचा, आणि आपण निव्वळ पैशाच्या बळावर व प्रकृतीच्या निमित्तानें येऊन राहिलेले, अशा स्थितींत हींच माणसें कशीं वागलीं, हें पाहण्याचें मला बरेच दिवस कुतूहल होतें. नीस, कान आणि मांतों या तीन शेजारगांवांच्या इतिहासांत त्याचें उत्तर पुष्कळसें मिळतें.

नीस तेव्हां फ्रान्सचें नव्हतें. व्हार नदीच्या पश्चिमेस फ्रान्स आणि पूर्वेस सार्डिनियाच्या राजाचा मुलूख अशी सरहद्द असून नीस त्या राजाच्या ताब्यांत होतें. पाठीशीं आल्प्स पर्वताची भिंत, त्यामुळें उत्तरेचा वारा अडलेला. समोर दक्षिणेचा उघडा समुद्र. भर जानेवारींत झाडावर नारिंगें पिकलेलीं. जुनें गांव मात्र किल्ल्याच्या टेकडीखालीं दाटीवाटीनें वसलेलें. समुद्र हा कोळ्यांचा आणि गलबतवाल्यांचा. गांवांतला सुखवस्तु गृहस्थ त्याच्याकडे तोंड करून घर बांधीत नसे. किनाराहि आपल्याकडच्यासारखा मऊ वाळूचा नाहीं, गोट्यांचा आहे. लाट परतली कीं गोट्यांचा खळखळाट ऐकूं येतो.

या गांवीं १७६३ च्या अखेरीस टोबायस स्मॉलेट आला. हा जन्मानें स्कॉटिश, शिक्षणानें शस्त्रवैद्य आणि धंद्यानें कादंबरीकार. त्याच वर्षीं त्याची एकुलती एक मुलगी वयाच्या पंधराव्या वर्षीं वारली होती, आणि त्याची स्वतःची छाती पोखरली होती. सुमारें दीड वर्ष त्यानें नीस येथें काढलें. रोजची हवा, वारा, पाऊस यांची टांचणें ठेविलीं. आणि मे महिन्यांत समुद्रांत उतरून स्नानें सुरू केलीं. गांवच्या वैद्यांनीं हा मनुष्य आतां मरणार असें भाकीत केलें. तो मेला तर नाहींच, उलट त्याला बरें वाटूं लागलें, आणि तें पाहून तेथल्या शिबंदीतले कांहीं स्विस अधिकारीहि पाण्यांत उतरूं लागले. पुढें ज्या समुद्रस्नानासाठीं सारें जग या किनाऱ्यावर लोटलें, त्याचा आरंभ असा एका क्षयी माणसाच्या हट्टांतून झाला.

१७६६ सालीं त्यानें आपलीं प्रवासपत्रें छापलीं. हवेची स्तुति त्यांत भरपूर आहे; माणसांची मात्र धुळधाण आहे. दुकानदार लबाड, कारागीर आळशी, चाकर चोर, सरदारमंडळी दरिद्री आणि गर्विष्ठ! लॉरेन्स स्टर्न या त्याच्या समकालीनानें आपल्या पुस्तकांत 'स्मेलफंगस' असें नांव ठेवून त्याची यथेच्छ टवाळी केली, ती त्याला चिकटली. मला मात्र स्मॉलेटविषयीं थोडी सहानुभूति वाटते. मूल गमावलेला, श्वास कोंडलेला मनुष्य परक्या भाषेच्या गांवीं भाजीवाल्याशीं हुज्जत घालीत असतां त्याच्याकडून समदृष्टीची अपेक्षा कशी करावी? पण त्याच्या पुस्तकानें एक वाईट वळण घालून दिलें हेंहि खरें. हवा उत्तम आणि माणसें टाकाऊ, हें मत त्याच्यामागून आलेल्या पुष्कळांनीं सामानाबरोबर घरूनच बांधून आणलें.

पाहुणे हळूहळू वाढले. ते जुन्या गांवांत राहात नसत. पायों नदीच्या पलीकडे, संगमरवरी क्रूसाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उपनगरांत, बागांच्या मधोमध त्यांची घरें झालीं. १७८९ च्या शरदांत आर्थर यंग हा शेतीचा अभ्यासक तेथें गेला, तेव्हां त्याला सांगण्यांत आलें कीं, गेल्या हिंवाळ्यांत येथें ५७ इंग्रज आणि ९ फ्रेंच होते, यंदां बहुधा ९ इंग्रज आणि ५७ फ्रेंच असतील. फ्रान्समध्यें राज्यक्रांति पेटली होती. पाहुण्यांची जागा निर्वासित घेऊं लागले होते. १७९२ त क्रांतीच्या फौजांनीं नीस घेतलें आणि इंग्रजांची वाट बंद झाली. नेपोलियन पडल्यावर गांव पुन्हां सार्डिनियाकडे गेलें, व १८१५ नंतर बग्ग्या पुन्हां येऊं लागल्या.

आतां तो रस्ता. १८२० नंतरच्या एका कडक हिंवाळ्यांत नारिंगांचीं झाडें गारठून गेलीं आणि बागांवर पोट भरणारे मजूर भिकेला लागले. लुइस वे नांवाचा एक श्रीमंत इंग्रज पाद्री त्या वेळीं नीस येथें होता. त्यानें पाहुण्यांत वर्गणी जमविली आणि भीक घालण्याऐवजीं या मजुरांना कामाला लाविलें. काम म्हणजे समुद्राच्या कडेनें एक पायवाट बांधणें. ती जेमतेम दोन मीटर रुंद होती. गांवकरी आपल्या नीसार्द बोलींत तिला 'इंग्रजांची वाट' म्हणूं लागले, आणि पुढें फ्रेंच अमलांत तिचा मोठा राजमार्ग झाला तेव्हां तेंच नांव फ्रेंचमध्यें कायम झालें.

दुष्काळी कामावर रस्ते बांधण्याची रीत आपल्या परिचयाची आहे, म्हणून या गोष्टींतलें पुण्य कमी लेखण्याचें कारण नाहीं. त्या हिंवाळ्यांत त्या मजुरांच्या चुली पेटल्या. तथापि वाट कोणीकडून काढली तें पाहिलें पाहिजे. ती इंग्रजांच्या उपनगराला लागून समुद्राच्या कडेनें गेली. गांवच्या बोळांतून, बाजाराच्या गर्दींतून, हात पसरणाऱ्यांच्या रांगेंतून न जातां इंग्रज कुटुंबांना ऊन खात फिरतां यावें, अशी ती होती. दान आणि सोय यांची इतकी बेमालूम सांगड क्वचितच पडते.

याच सुमारास त्यांनीं आपलें प्रार्थनामंदिरहि बांधलें. राजा कॅथलिक, प्रजा कॅथलिक. प्रॉटेस्टंटांना परवानगी मिळाली ती या अटीवर कीं, इमारत बाहेरून चर्चसारखी दिसतां कामा नये. तिच्याजवळ दफनभूमि होती, आणि ती लौकर भरूं लागली. कारण पाहुण्यांपैकीं पुष्कळजण मुळीं मरणाच्या वाटेवर असतांनाच येथें पोंचत. तेथें हेन्री फ्रान्सिस लाइट याची कबर आहे. हा इंग्लंडांतील ब्रिक्सम या कोळ्यांच्या बंदरगांवचा पाद्री. क्षयानें खंगला, दक्षिणेकडे निघाला, आणि २० नोव्हेंबर १८४७ रोजीं नीस येथील एका हॉटेलांत वारला. त्या हॉटेलचें नांव 'इंग्लंड' होतें. 'अबाइड विथ मी' हें त्याचें स्तोत्र गांधीजींचें आवडतें, आणि दिल्लीस प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या लष्करी वाद्यसंचलनांत १९५० पासून २०२१ पर्यंत तें वाजत असे. आपल्यापैकीं कित्येकांनीं ते सूर संध्याकाळच्या थंडींत ऐकले असतील. त्यांचा कर्ता समुद्रकांठच्या परक्या गांवीं, इंग्लंड या नांवाच्या भाड्याच्या खोलींत गेला, हें मला तरी फार उशीरा कळलें.

कान या गांवाची कथा निराळी, आणि ती एका चमत्कारिक माणसाची आहे. लॉर्ड ब्रूम हे १८३० ते १८३४ इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर. मोठे वक्ते, गुलामगिरीचे कट्टर वैरी, तितकेच तापट आणि आत्मप्रौढ. अधिकार गेल्यावर १८३४ च्या डिसेंबरांत ते आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले. प्रोव्हान्स प्रांतांत पटकीची सांथ होती. म्हणून व्हार नदीवर सार्डिनियाच्या पहारेकऱ्यांनीं त्यांना अडविलें. ज्यानें काल इंग्लंडच्या न्यायासनावर बसून निकाल दिले, त्याला आज एका चौकीवरच्या शिपायानें परत फिरविलें. नाइलाजानें मागें वळून त्यांनीं कान नांवाच्या कोळीवाड्यांतील एका साध्या खानावळींत मुक्काम केला. गांव इतकें आवडलें कीं थोड्याच दिवसांत जमीन खरेदी करून त्यांनीं बंगल्याचा बेत केला. बंगल्याला मुलीचें नांव दिलें: एलेओनोर-लुईझ. १८३९ त ती मुलगी वारली. ब्रूम त्यानंतरहि जवळजवळ तीस हिंवाळे तेथें येत राहिले, आणि १८६८ च्या मे महिन्यांत तेथेंच त्यांचा देह पडला. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि कोळीवाड्याचें शहर झालें. फ्रेंच सरकारकडे खटपट करून बंदराच्या धक्क्यासाठीं पैसा मिळविण्यांतहि त्यांचा हात होता. पाहुण्यानें गांवासाठीं कांहीं केल्याचें हें एक ठळक उदाहरण.

पण ब्रूम यांच्या चरित्रांतला माझ्या विषयाचा खरा प्रसंग १८४८ सालचा आहे. त्या वर्षीं फ्रान्समध्यें प्रजासत्ताक झालें, आणि राष्ट्रसभेची निवडणूक निघाली. ब्रूम यांनीं फ्रेंच नागरिकत्वासाठीं अर्ज केला! त्यांना कानकडून उमेदवार व्हावयाचें होतें. न्यायमंत्री क्रेमिय यांनीं कळविलें कीं, फ्रान्स असल्या वांटणींत राहात नाहीं. फ्रेंच व्हावयाचें तर इंग्रज सरदारकी, पदव्या, हक्क सर्व सोडावे लागतील. ब्रूम यांनीं आपला अर्ज मागें घेतला. इंग्लंडांत यावर फार हंशा झाला आणि तो स्वाभाविक होता, कारण त्यांत त्यांची हौस पुष्कळ होती. तरी मला वाटतें, शंभर वर्षांत या किनाऱ्यावर राहून गेलेल्या हजारों इंग्रजांत 'मी या गांवचा आहें' असें कागदावर लिहून देण्यास सरसावलेला मोठा माणूस हाच. त्याला दोन्ही हवें होतें. दोन्ही मिळत नाहीं हें कळतांच त्यानें जुनें धरून ठेविलें.

१८६० त नीस फ्रान्सकडे आलें. १८६३ त आगगाडी कानला आणि १८६४ त नीसला पोंचली. पूर्वीं बग्गींत आठवड्यांमागून आठवडे हाडें खिळखिळीं करणारा प्रवास दोन दिवसांवर आला. मांतोंला गर्दी झाली ती मात्र एका डॉक्टरमुळें. जेम्स हेन्री बेनेट हा लंडनचा वैद्य १८५९ सालीं, आपण आतां वांचत नाहीं अशा समजुतीनें, शांतपणें मरावें म्हणून तेथें गेला. तो बरा झाला, त्यानें तेथेंच हिंवाळी दवाखाना थाटला, आणि पुस्तक लिहून आपली हकीकत प्रसिद्ध केली. मग लिंबांच्या बागा तुटून त्या जागीं हॉटेलें उठूं लागलीं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७३ सालीं आला, इतिहासकार जे. आर. ग्रीन १८८३ त तेथेंच वारला.

हे लोक राहात कसे? ऑक्टोबरांत येत, एप्रिलअखेर जात. इंग्रज औषधवाला, इंग्रज पेढी, इंग्रज वाचनालय, चहा आणि बिस्किटें विकणारें दुकान, दोन दिवस शिळें झालेलें लंडनचें वृत्तपत्र. स्वयंपाकीण, माळी आणि गाडीवान हेच काय ते ओळखीचे गांवकरी. फ्रेंच यावयाची ती आज्ञा करण्यापुरती; नीसार्द बोली तर ऐकूं येऊनहि ऐकली जात नसे. उलट गांवकऱ्यांना इंग्रजी शिकावी लागली. कोळ्यांचीं पोरें हॉटेलांत वाढपी झालीं, त्यांच्या आया पायोंच्या पात्रांत हॉटेलांच्या चादरी धूत. १८८२ सालीं बर्लिनमध्यें कॉख यानें क्षयाचा जंतु दाखविला, आणि त्या चादरींचा अर्थ एकाएकीं बदलला. शंभर वर्षें हवेच्या नांवानें जे आले, त्यांच्याबरोबर काय आलें होतें तें आतां उघड झालें. खोकणारा पाहुणा हॉटेलवाल्यांना नकोसा झाला. डॉक्टरहि रोग्यांना डोंगरावर, स्वित्झर्लंडांतील डाव्होसला पाठवूं लागले. किनाऱ्यावर धडधाकट माणसांची मौज उरली.

त्या मौजेचा कळस म्हणजे व्हिक्टोरिया राणी. १८९५ ते १८९९ दर वसंतांत ती नीसच्या सिमिए टेकडीवर मुक्कामाला येई, 'बाल्मोरलची काउंटेस' असें नांव घेऊन. आणि एवढ्या लवाजम्यानिशीं कीं त्या नांवानें कोणीहि फसत नसे. तिच्या सोबत मुन्शी अब्दुल करीम असे. आग्र्याच्या तुरुंगांतील कारकुनीवरून राणीच्या उर्दू शिक्षकाच्या पदाला चढलेला हा गृहस्थ. १८९७ सालीं राणीच्या खाशा मंडळींनीं त्याच्या पंगतीला बसण्याचें साफ नाकारलें व राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली; राणीनें त्यांचें ऐकलें नाहीं. स्वतः परक्यांच्या गांवीं उतरलेली ही मंडळी तेथें आणखी एक परका निवडून काढीत होती!

हिंदुस्थानचा या किनाऱ्याशीं दुसराहि एक संबंध होता, तो पैशाचा. आपल्याकडे नोकरी करून निवृत्त झालेले गोरे अधिकारी विलायतेच्या थंडीला विटून येथें बिऱ्हाड करीत. त्यांचें पेन्शन हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडे. म्हणजे मांतोंच्या एखाद्या छोट्या बंगल्याच्या भाड्यांत खानदेशच्या शेतकऱ्याचा पै-आणा असण्याचा संभव आहे. हिशेब कोणी मांडला नाहीं इतकेंच. १९३१ सालीं पौंडाची सोन्याशीं गांठ सुटली, त्याची किंमत घसरली, आणि यांपैकीं कित्येकांचे संसार एका आठवड्यांत तोकडे झाले. स्वस्ताई म्हणून निवडलेला देश महाग झाला.

रशियन सरदारांची गोष्ट यापेक्षां करुण. तेहि इंग्रजांसारखेच हिंवाळी पाहुणे. नीस येथें त्यांनीं १९१२ सालीं घुमटांचें भव्य प्रार्थनामंदिर उभें केलें. पांच वर्षांत रशियांत क्रांति झाली आणि परत जाण्याचें घरच उरलें नाहीं. ज्या हॉटेलांपुढें ते गाड्यांतून उतरत, त्यांच्यापुढें त्यांतले कित्येक भाड्याच्या मोटारी घेऊन उभे राहूं लागले. पण एक झालें: त्यांचीं मुलें गांवच्या शाळेंत गेलीं, गांवची भाषा बोललीं. परतीचें तिकीट ज्याच्या खिशांत असतें त्याला शेजार करावा लागत नाहीं, यांचें तिकीट फाटलें होतें.

इंग्रजांची पाळी १९४० च्या जूनमध्यें आली. फ्रान्स पडलें, तहाची बोलणीं झालीं, इटलीहि युद्धांत उतरली होती. कानच्या बंदरांत दोन कोळशाचीं जहाजें आलीं: सॉल्टर्सगेट आणि अ‍ॅशक्रेस्ट. ब्रिटिश प्रजाजनांना निरोप गेला कीं, एक बॅग, एक घोंगडी आणि तीन दिवसांचें खाणें घेऊन धक्क्यावर यावें. सुमारें तेराशे माणसें आलीं. सॉमरसेट मॉम हा कादंबरीकार त्यांत होता. काप फेराचा आपला प्रसिद्ध बंगला सोडून तो सॉल्टर्सगेटवर चढला, आणि पुढें त्यानें ही हकीकत लिहून ठेविली. निवृत्त कर्नल, वृद्ध विधवा, दाया, शिक्षिका, मोटारींचे हांकारे, सगळीं कोळशाच्या भुकटींत निजलीं. थेंबभर पाण्यासाठीं रांगेंत उभीं राहिलीं. ओरानवरून, जिब्राल्टरवरून, सुमारें तीन आठवड्यांनीं तीं लिव्हरपूलला पोंचलीं. त्यांच्या मोटारी कानच्या धक्क्यावर तशाच उभ्या राहिल्या होत्या. ज्या धक्क्यासाठीं ब्रूम यांनीं खटपट केली, त्याच बंदरांतून त्यांचे देशबांधव बाहेर पडले.

युद्धानंतर पुष्कळ परत आले, नवे आले. पण हिंवाळा मागें पडून उन्हाळा हाच तेथला हंगाम झाला. २०२१ सालीं युनेस्कोनें नीसला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें तें मात्र हिंवाळी विश्रांतीचें नगर म्हणूनच. 'इंग्रजांची वाट' आतां अनेक किलोमीटर लांबीचा राजमार्ग आहे. जुन्या गांवाबाहेर स्मॉलेटच्या नांवाचीहि एक गल्ली आहे. ज्यांना त्यानें इतकें बोल लाविले त्यांनीं त्याला पाटी दिली, तींत त्याच्या नांवांतला एक 'एल' तेवढा गाळला.

२०१६ च्या जनमतानें ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडण्याचें ठरलें. आतां ब्रिटिश मनुष्याला परवान्यावांचून फ्रान्समध्यें १८० दिवसांपैकीं ९० दिवसच राहतां येतें. ऑक्टोबर ते एप्रिल हा जुना मुक्काम त्यांत बसत नाहीं. म्हणून तेथें राहणाऱ्या पुष्कळ इंग्रजांनीं फ्रेंच नागरिकत्वाचे अर्ज केले. क्रेमिय यांनीं ब्रूम यांना जें नाकारलें तें आजचा फ्रेंच कायदा देतो; जुनें नागरिकत्व सोडावें लागत नाहीं. अर्जदाराला इतर अटींबरोबर फ्रेंच भाषा येते हेंहि सिद्ध करावें लागतें.